चुकलं, पण कोणत्या बाजूला?

मागच्या महिन्यात आपण 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' यांची ओळख करून घेतली. पाऊस असेल तर छत्री घे, नाहीतर राहू दे, एवढंच ते प्रकरण होतं. एक प्रश्न आणि दोन उत्तरं. या महिन्यात एक पायरी वर चढायचं आहे. एका 'जर'च्या पोटात दुसरा 'जर' बसवायचा आहे. स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकात एक बसतात, तशा या अटी एकात एक बसतात. संगणकाच्या पुस्तकात त्यांना 'नेस्टेड कंडिशन' म्हणतात. नाव परकं असलं तरी गोष्ट घरातलीच आहे.

अम्मी मुलाला बाजारात पाठवताना काय सांगते, ते आठवा. "कोथिंबीर ताजी असेल तर बघ. ताजी असली आणि जुडी दहा रुपयांना असली, तर दोन आण. महाग असली, तर एकच आण. ताजी नसली, तर पुदिना बघ. पुदिना मिळाला तर घे, नाहीतर तसाच परत ये." आठ-नऊ वर्षांचा मुलगा हे सगळं ऐकतो आणि बहुतेक वेळा बरोबर करून येतो. या सूचनेत पहिला प्रश्न कोथिंबिरीच्या ताजेपणाचा आहे. भावाचा प्रश्न त्याच्या आत आहे. कोथिंबीर शिळी निघाली, तर भाव विचारायची गरजच उरत नाही. पुदिन्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूच्या आत आहे. कोथिंबीर ताजी मिळाली, तर पुदिन्याकडे बघायचंच नाही. बाहेरच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच आतल्या प्रश्नाला अर्थ येतो. नेस्टेड कंडिशनची सगळी कल्पना एवढ्यात आली.

आता खेळ. रात्री जेवणं होऊन दस्तरखान उचललं गेलं की घरातले दोघंतिघं वही-पेन्सिल घेऊन बसा. संगणक लागत नाही, मोबाईलही लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरी मोबाईल एकच असतो, तो अब्बांच्या किंवा भाईजानच्या खिशात असतो, आणि मुलींच्या हातात तो सगळ्यांत शेवटी येतो. प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात करण्यासाठी त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

एकाने 'संगणक' व्हायचं. त्याने १ ते १०० मधली एक संख्या मनात धरून कागदावर लिहायची आणि कागद उलटा ठेवायचा. ही झाली 'गुपित' संख्या. दुसऱ्याने अंदाज सांगायचा. संगणकाने स्वतःच्या मनाने काही बोलायचं नाही, समोर लिहिलेल्या सूचना वाचून तेवढंच उत्तर द्यायचं. पहिल्या डावाच्या सूचना अशा:

जर अंदाज = गुपित
    सांग: "बरोबर!"
नाहीतर
    सांग: "चूक."

खेळून बघा. पाच मिनिटांत कंटाळा येतो. ५० म्हटलं, चूक. २० म्हटलं, चूक. ७३ म्हटलं, चूक. प्रत्येक 'चूक' फक्त एक संख्या बाद करते. नशीब खराब असेल, तर शंभराव्या अंदाजापर्यंत वाट बघावी लागेल. खेळणारा दहा-बारा चुकांनंतर वही मिटतो. तो मठ्ठ असतो म्हणून नव्हे. त्याला मिळालेल्या उत्तरात पुढे जाण्यासारखं काही नसतं, म्हणून.

आता दुसरा डाव. 'नाहीतर'च्या आत आणखी एक प्रश्न घालू:

जर अंदाज = गुपित
    सांग: "बरोबर!"
नाहीतर
    जर अंदाज > गुपित
        सांग: "जास्त झाला, खाली या."
    नाहीतर
        सांग: "कमी पडला, वर जा."

इथे मुलं हमखास विचारतात, "टीचर, अंदाज लहान आहे का, हे तर विचारलंच नाही!" विचारायची गरज नाही. दोन संख्या समोर ठेवल्या की तीनच गोष्टी संभवतात: पहिली दुसरीइतकी असेल, तिच्यापेक्षा मोठी असेल किंवा लहान असेल. समान नाही, हे बाहेरच्या प्रश्नाने ठरलं. मोठी नाही, हे आतल्या प्रश्नाने ठरलं. मग उरलं ते एकच. दोन प्रश्नांत तीन वाटा झाल्या. तिसरा 'जर' लिहिला तरी खेळ बिघडत नाही, पण तो का नको, हे मुलाला तोंडाने सांगता आलं म्हणजे त्याला विषय कळला असं समजावं.

एक बारीक गोष्ट उत्तराच्या शब्दांची. काही मुलं फक्त "मोठा" असं लिहितात. खेळणाऱ्याला कळत नाही, आपला अंदाज मोठा झाला की आता मोठा सांगायचा? म्हणून आम्ही "जास्त झाला, खाली या" असं पूर्ण वाक्य लिहायला लावतो. संगणकाला भाषेची फिकीर नसते. वाचणाऱ्या माणसाला असते.

या दुसऱ्या डावात काय बदललं, ते बघा. गुपित संख्या ७४ आहे असं समजा. शहाणा खेळाडू नेहमी मधली संख्या सांगतो. ५०: कमी पडला. म्हणजे १ ते ५० सगळ्या एका फटक्यात बाद, उरल्या ५१ ते १००. मधली ७५: जास्त झाला. उरल्या ५१ ते ७४. मग ६२: कमी. ६३ ते ७४ उरल्या, ६८: कमी. ६९ ते ७४ उरल्या, ७१: कमी. ७२ ते ७४ उरल्या, ७३: कमी. आता ७४ शिवाय काही उरलंच नाही. सातव्या अंदाजाला बरोबर. आणि ७४ ही तर अवघड जागेची संख्या आहे. या पद्धतीने १ ते १०० मधली कोणतीही संख्या सातच्या पुढे जात नाही. कारण सरळ आहे: प्रत्येक अंदाजानंतर उरलेल्या संख्या निम्म्या किंवा त्याहून कमी होतात. १०० च्या जास्तीत जास्त ५०, मग २५, १२, ६, ३, १, आणि सातवा अंदाज त्या शेवटच्या एकीसाठी. हीच रीत १ ते १००० साठी लावली, तर दहा अंदाज पुरतात. दसपट संख्या, पण अंदाज फक्त तीन जास्त.

पहिल्या आणि दुसऱ्या डावात फरक कशाचा? गुपित तेच, खेळाडू तोच. फक्त 'चूक' या शब्दाच्या आत एक प्रश्न जास्त विचारला: कोणत्या बाजूला चूक? त्या एका प्रश्नाने शंभराचे सात झाले.

इथे थोडं थांबून पालकांशी बोलायचं आहे. आपल्या मुलाची गणिताची वही उघडा. तिच्यात लाल फुल्या दिसतील. फुली म्हणजे आपला पहिला डाव: 'चूक', पुढे काही नाही. "अभ्यास करत नाहीस", "तुझं लक्ष कुठे असतं" ही वाक्यंसुद्धा पहिल्याच डावातली. दहा फुल्यांनंतर मूल वही मिटतं. त्याऐवजी विचारून बघा: उत्तर यायला हवं त्यापेक्षा मोठं आलं की लहान? रीत चुकली की नुसती बेरीज? रीत चुकली असेल, तर कोणत्या पायरीला? हे विचारायला स्वतःला गणित यावं लागत नाही. न शिकलेली दादीसुद्धा विचारू शकते, "पाव किलोला साठ रुपये, मग किलोला शंभर कसे आले रे? कमी वाटतात मला." ही सूचना "कमी पडला, वर जा" हीच आहे.

आमच्या वर्गात नववीतली एक मुलगी होती. दहावी झाली की गणित सोडायचं, हे तिने आणि घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. फळ्यावर यायला ती तयार नसे. या खेळात तिला 'संगणक' व्हायचं काम दिलं, कारण त्यात उत्तर शोधायचं नव्हतं, लिहिलेलं वाचायचं होतं. एका खोडकर मुलाने अंदाज सांगितला, १५०. तिने सूचना वाचल्या, बोट ठेवून, ओळीमागून ओळ. मग म्हणाली, "टीचर, मला 'जास्त झाला, खाली या' म्हणावं लागतंय. पण १५० तर खेळातच नाही. त्याचा एक अंदाज फुकट गेला. हे सूचनेत लिहायला पाहिजे." वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलांना हे दिसलं नव्हतं. त्यांचं लक्ष जिंकण्याकडे होतं. तिचं लक्ष सूचनांकडे होतं. प्रोग्रॅम तपासणाऱ्याचं डोकं असंच चालावं लागतं. त्या दिवशी फळ्यावर तिसरा डाव तिनेच लिहिला:

जर अंदाज < १ किंवा अंदाज > १००
    सांग: "१ ते १०० मधलीच संख्या सांगा."
नाहीतर
    जर अंदाज = गुपित
        सांग: "बरोबर!"
    नाहीतर
        जर अंदाज > गुपित
            सांग: "जास्त झाला, खाली या."
        नाहीतर
            सांग: "कमी पडला, वर जा."

डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. नवा प्रश्न सर्वांत बाहेर का ठेवला? कारण अंदाज खेळात बसतच नसेल, तर आतले प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बाजारातली शिळी कोथिंबीर आठवा. पुढे त्या मुलीने गणिताचं काय केलं, हा तिचा आणि तिच्या घरच्यांचा निर्णय आहे. पण "मला गणित येत नाही" हे वाक्य तिने त्यानंतर वर्गात म्हटलं नाही, एवढं आम्ही सांगू शकतो.

प्रोग्रॅम लिहून झाला की तो तपासावा लागतो. वर चार वाटा आहेत. प्रत्येक वाटेवरून एकदा तरी चालून बघायचं, आणि जिथे वाट बदलते तिथे दोन्ही बाजूंना पाऊल टाकून बघायचं. गुपित ४० धरा. मग ४० सांगितल्यावर 'बरोबर' यायला हवं, ४१ ला 'खाली या', ३९ ला 'वर जा'. १ ला 'वर जा' आणि १०० ला 'खाली या' आलं पाहिजे, कारण या दोन्ही खेळातल्याच संख्या आहेत. ० आणि १०१ ला मात्र 'मधलीच संख्या सांगा' आलं पाहिजे. कुणी घाईत 'अंदाज > १००' ऐवजी 'अंदाज > ९९' लिहिलं असेल, तर १०० सांगताच चूक पकडली जाते. ५५ किंवा ६० सांगून ती कधीच सापडली नसती. चुका बहुतेक उंबरठ्यावर बसलेल्या असतात.

ओळी आत सरकवून का लिहिल्या, तेही समजून घ्या. हे वाक्य वाचा: "पाऊस असेल तर छत्री असेल तर बाहेर जा नाहीतर घरी थांब." यातलं 'नाहीतर' कुणाचं? छत्रीचं मानलं, तर पाऊस आहे आणि छत्री नाही, तेव्हा घरी थांबायचं. शहाणपणाची गोष्ट. पण तेच 'नाहीतर' पावसाचं मानलं, तर लख्ख ऊन असताना घरी बसायचं, आणि पावसात छत्री नसेल तर काय करायचं ते सांगितलेलंच नाही! शब्द तेच, अर्थ दोन. माणूस प्रसंग बघून अर्थ लावतो, संगणकाला तशी सोय नाही. 'सी' या भाषेत नियम आहे की 'नाहीतर' सर्वांत जवळच्या मोकळ्या 'जर'चं. पायथन भाषेत ओळ किती आत सरकवली आहे, त्यावरून ठरतं. ज्या 'जर'च्या सरळ रेषेत खाली 'नाहीतर' येतं, ते त्याचं. म्हणून वहीतसुद्धा पट्टी लावून ओळी सरळ ठेवायची सवय लावा.

पायथनचं नाव निघालंच आहे, तर ज्यांच्याकडे संगणक किंवा मोबाईल आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. ही भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. ती मोफत मिळते. तिच्यात 'जर'ला इंग्रजी 'इफ' आणि 'नाहीतर'ला 'एल्स' लिहितात. 'समान आहे का' असं विचारताना बरोबरचं चिन्ह दोनदा लिहायचं (==), कारण एकदा लिहिलेल्या चिन्हाचा अर्थ 'ही किंमत ठेव' असा होतो. आणि खेळणाऱ्याने टाइप केलेला अंदाज आधी नुसता मजकूर असतो. 'इंट' नावाच्या आज्ञेने त्याची संख्या करून घ्यावी लागते, नाहीतर तुलना चालत नाही.

आता एक आनंदाची गोष्ट. उर्दू किंवा मराठी माध्यमातली मुलं आम्हाला विचारतात, "संगणकाला फक्त इंग्रजीच कळतं ना?" मूळ आज्ञा इंग्रजीत आहेत, हे खरं. पण सध्याच्या पायथनमध्ये किंमत ठेवायच्या जागेला 'अंदाज' किंवा 'गुपित' असं मराठीत नाव देता येतं, उर्दू लिपीतही देता येतं. खेळणाऱ्याने ५० हा आकडा देवनागरीत टाइप केला किंवा उर्दू अंकांत टाइप केला, तरी 'इंट' त्याची संख्या पन्नासच करतो. फक्त प्रोग्रॅमच्या ओळींत आपण स्वतः लिहिलेले आकडे इंग्रजी अंकांत लागतात. लहान मुलांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने केलेलं 'स्क्रॅच' आहे, तेही मोफत. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. 'जर'च्या ठोकळ्याला जबड्यासारखी खाच असते आणि दुसरा 'जर' तिच्यात अक्षरशः बसतो. डब्यात डबा डोळ्यांना दिसतो.

अटींची अशी मांडणी संगणकाच्या फार आधीपासून आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी होऊन गेले. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्या नावावरून आला आणि 'अल्जिब्रा' हा शब्द त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून. त्यांनी समीकरणांचे सहा प्रकार पाडले आणि प्रत्येकाची वेगळी रीत सांगितली. हा झाला बाहेरचा प्रश्न: समीकरण कोणत्या प्रकारचं? एका प्रकारात मात्र आत आणखी प्रश्न आहे. त्यांचंच उदाहरण घ्या: एका संख्येचा वर्ग अधिक २१ बरोबर त्या संख्येची दहापट. रीत अशी: दहाचं निम्मं ५, त्याचा वर्ग २५. आता हा २५ त्या २१ शी ताडून बघा. कमी असता, तर उत्तरच नाही. समान असता, तर उत्तर ते निम्मंच, म्हणजे ५. जास्त असेल, तर फरक काढा: ४, त्याचं वर्गमूळ २, ते पाचातून वजा केलं की ३ आणि पाचात मिळवलं की ७. दोन्ही उत्तरं बरोबर. पडताळून बघा: ९ आणि २१ मिळून ३०, ४९ आणि २१ मिळून ७०. कमी, समान की जास्त, हे आपल्या खेळातलेच तीन प्रश्न आहेत. दहावीची मुलं वर्गसमीकरणात विवेचक काढून हेच तपासतात.

या महिन्याचा गृहपाठ.

१. तिसऱ्या डावात आणखी एक डबा बसवा. अंदाज चुकला, पण गुपितापासूनचं अंतर ५ किंवा त्याहून कमी असेल, तर "अगदी जवळ आहात" हेही सांगायचं. गुपित ४० असताना ३४, ३५, ४५ आणि ४६ यांना काय उत्तर येतं, ते तपासा.

२. लीप वर्ष ओळखायच्या सूचना लिहा. वर्षाला ४ ने भाग जात नसेल, तर लीप नाही. जात असेल, तर १०० ने जातो का बघा. १०० ने जात नसेल, तर लीप आहे. जात असेल, तर ४०० ने जातो का, यावरून ठरवा. १९००, २०००, २०२३ आणि २०२४ ही वर्षं घालून बघा. चारही वाटा तपासल्या जातात.

३. घरातल्या कुणाही मोठ्या माणसाने दिलेली, पोटात अट असलेली एक सूचना जशीच्या तशी लिहून आणा आणि ओळी आत सरकवून मांडा. आमचा अनुभव आहे की यात अम्मीच्या सूचना सगळ्यांत लांब भरतात.

आपल्या खेळात अजून एक अडचण आहे. प्रत्येक अंदाजाला सूचना पहिल्यापासून वाचाव्या लागतात आणि 'बरोबर' आल्यावर थांबायचं, हे कुठे लिहिलेलंच नाही. ते काम 'लूप' म्हणजे फेऱ्यांचं आहे. पुढच्या महिन्यात फेरे शिकू. तोवर तिसऱ्या गृहपाठाच्या वह्या जपून ठेवा, त्या आपल्याला लागणार आहेत.